ख्यालाच्या बंदिशीतील ‘मुद्रा’ : रचनाकाराच्या शोधाचे एक साधन

प्रस्तावना : हिंदुस्थानी संगीतात रागाचे शास्त्र ग्रंथांतून जतन झाले, बंदिश मात्र दीर्घकाळ कंठातच राहिली. त्यामुळे तिचा कर्ता ठरविताना अभ्यासकाच्या हाती बहुधा एकच अंतर्गत पुरावा उरतो, तो म्हणजे बंदिशीच्या शब्दांत, विशेषतः अंतऱ्यात, गुंफलेले रचनाकाराचे टोपणनाव. यालाच ‘मुद्रा’ म्हणतात. अभंगाच्या शेवटी येणाऱ्या ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ यांसारखीच ही योजना होय. परंतु नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा याच्या रचना मिसळल्याने निर्माण झालेला पेच मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. तोच पेच ख्यालाच्या बाबतीत अधिक बिकट स्वरूपात उभा राहतो.

मुद्रा आणि आख्यायिका : ख्यालातील सर्वांत प्रसिद्ध मुद्रा ‘सदारंग’ ही होय. मुघल बादशहा मुहम्मदशाह (कारकीर्द १७१९ ते १७४८) याच्या दरबारातील बीनकार नियामतखान यांची ही मुद्रा. अनेक ख्यालांत तिच्या जोडीला बादशहाचेही नाव येते. गायकाची साथ करण्याच्या आज्ञेने दुखावलेले नियामतखान दरबार सोडून गेले, त्यांनी ख्याल रचून शिष्यांना शिकविले आणि त्यांत बादशहाचे नाव गोवून त्याची मर्जी पुन्हा संपादन केली, अशी आख्यायिका संगीताच्या वर्गांत आजही सांगितली जाते. ती मनोरंजक आहे. इतिहास म्हणून ती स्वीकारण्यापूर्वी मात्र थांबावयास हवे. दर्गा कुली खान १७३८ ते १७४१ या काळात दिल्लीत होता. त्याच्या ‘मुरक्का-ए-दिल्ली’ या फारसी ग्रंथात नियामतखानांच्या बीनवादनाची मुक्तकंठाने प्रशंसा आहे. रुसव्याची कथा प्रामुख्याने मौखिक परंपरेतून आलेली आहे. शिवाय आश्रयदात्याचे नाव गीतात गुंफण्याची प्रथा ध्रुपदापासूनच रूढ असल्याने बादशहाच्या उल्लेखासाठी रुसव्याचे कारण शोधण्याची गरजही उरत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न मुद्रेच्या स्थैर्याचा आहे. ‘सदारंग’ आणि ‘अदारंग’ (फिरोजखान) या दोन्ही शब्दांचा लघुगुरुक्रम एकच, मात्राही सहाच. एकाच्या जागी दुसरा आला तरी लयीला धक्का लागत नाही आणि समेची जागाही ढळत नाही. म्हणजे स्मरणातील चूक स्वतःची कोणतीही खूण मागे ठेवीत नाही. फैयाजखाँ यांची ‘प्रेमपिया’ आणि विलायत हुसेन खाँ यांची ‘प्राणपिया’ या आग्रा घराण्यातील मुद्रांनाही हेच लागू पडते. एकच बंदिश निरनिराळ्या घराण्यांत निरनिराळ्या पाठांनी गायिली जाते, हे लक्षात घेता ही शक्यता केवळ तर्काची राहत नाही.

संकलनाचा काळ : पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ठिकठिकाणच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. हे कार्य अजोड आहे. तथापि मुहम्मदशाहाचा मृत्यू आणि हे लेखन यांत दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. त्या पानांवरील ‘सदारंगां’ची बंदिश ही वस्तुतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गायकांच्या स्मृतीतील बंदिश आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘रचनाकार : सदारंग’ असे निःशंकपणे लिहून घेताना हे अंतर दृष्टीआड होते. ‘सदारंग-परंपरेतील रचना’ एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

मौज अशी की, इतरांच्या मुद्रा कागदावर आणणारे भातखंडे स्वतः मात्र टोपणनावांआड राहिले. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुरपंडित’ या नावाने लिहिला, मराठी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’साठी ‘विष्णुशर्मा’ हे नाव घेतले आणि स्वरचित गीतांत ‘चतुर’ ही मुद्रा योजिली. त्यांचे शिष्य श्री. ना. रातंजनकर यांनी ‘सुजान’, तर जगन्नाथबुवा पुरोहित यांनी ‘गुणिदास’ ही मुद्रा वापरली. येथे मात्र कर्तृत्वाविषयी सहसा वाद उद्भवत नाही. कारण एव्हाना बंदिशीच्या सोबतीला छापील स्वरलिपी, ध्वनिमुद्रण आणि प्रत्यक्ष शिष्यवर्गाची साक्ष उपलब्ध झाली होती.