कोंडवाडा : शब्द आणि कायदा

दया पवारांच्या १९७४ च्या कवितासंग्रहामुळे ‘कोंडवाडा’ हा शब्द आपल्या साहित्यात स्थिरावला. गावगाड्यात मात्र ती चार भिंतींची खरीखुरी जागा आहे, आणि तिच्यामागे गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ चा इंग्रजी अमदानीतला कायदा उभा आहे. चळवळीतल्या माणसाला तो ठाऊक हवा, असे मला वाटते.

ज्याला जमीन नाही, त्याच्या शेळीने चरायचे कुठे? गायराने आकसली, बांध दुसऱ्याचे. मी शाळेत असताना आमची शेळी एका बागायतदाराच्या हरभऱ्यात शिरली. त्याने ती आपल्या वाड्यात बांधून ठेवली आणि माझ्या आईकडून दोन दिवस फुकट खुरपणी करून घेतली. गावात कुणालाही त्यात वावगे वाटले नाही. रीतच तशी होती.

कायद्याची रीत मात्र तशी नव्हती. १८७१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतात शिरून नुकसान करणारे जनावर धरण्याचा हक्क दिला. पण धरलेले जनावर चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवण्याचे बंधनही घातले. ते स्वतःच्या गोठ्यात डांबून सौदा करण्याची मुभा त्यात नाही. दंडाचे दर सरकारने ठरवायचे, जमीनवाल्याने नव्हे. कोंडवाड्यात जनावराला चारापाणी देणे ही तिथल्या रखवालदाराची जबाबदारी.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. धरलेले जनावर जबरीने हिसकावून आणणे हा या कायद्याने गुन्हाच ठरवला. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणून रागाच्या भरात काठी घेऊन शेतात जाऊ नये. जनावर बेकायदा धरले असे वाटले, तरी रक्कम अनामत भरून ते सोडवून आणता येत होते. धरल्यापासून दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करण्याची सोय होती, आणि ही तक्रार तोंडीही चालत असे. निरक्षर माणसासाठी ही तरतूद मोलाची होती. पण ती त्याच्यापर्यंत कुणी पोचवलीच नाही.

महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात कोंडवाड्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. म्हणून आपल्या गावाला कोणते नियम आणि किती शुल्क लागू आहे, हे आधी ग्रामपंचायतीत विचारावे. भरलेल्या रकमेची पावती घ्यावी. जनावर कुणी, कुठे आणि केव्हा धरले, हे साक्षीदारांसह लिहून ठेवावे. शेळीच्या बदल्यात वेठ मागितली, तर प्रश्न जनावराचा उरत नाही. दलित-आदिवासींना वेठीला धरणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

पिकाचे नुकसान झाले, तर भरपाई मागणे रास्तच आहे. आपल्यातही अल्पभूधारक आहेतच. पण भरपाई किती हे कायद्याने ठरावे, वाड्यावरच्या हुकमाने नव्हे. एवढे जरी आपल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी जाऊन वस्तीत समजावून सांगितले, तरी एखाद्या घरची खुरपणी वाचेल.