साडेपाचातला तो अर्धा तास

स्टुटगार्टच्या आमच्या ऑफिसात मध्यंतरी एक तक्रार आली. पुण्याच्या टीमला मीटिंगची वेळ बरोबर अर्धा तास चुकीची दिसत होती. खोदकाम केल्यावर कळलं, की एका जुन्या प्रोग्राममध्ये देशादेशांतला वेळेचा फरक फक्त पूर्ण तासांत साठवला जात होता. त्यात पाच मावत होते, साडेपाच मावत नव्हते. "तुम्ही सरळ पाच किंवा सहा का नाही घेतलेत?" एका जर्मन सहकाऱ्याने विचारलं.

प्रश्न तसा रास्त आहे. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरली आहे. चाराने गुणा, ३३० मिनिटं, म्हणजे ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. देशाच्या साधारण मधोमध रेघ ओढली, एवढंच. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली.

मुंबईने मात्र ती मुकाट्याने घेतली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. गिरणी कामगाराच्या दृष्टीने हा हिशेब साधा होता: सूर्य तोच, भोंगा मात्र ३९ मिनिटं आधी! जानेवारी १९०६ मध्ये कामगारांनी याविरुद्ध दगडफेकही केली. पुढे शहरात दोन्ही वेळा नांदत राहिल्या आणि 'मुंबई टाइम' पूर्ण मावळायला १९५५ साल उजाडलं. किती वाजले विचारलं, की 'कुठल्या वेळेने?' हा उलट प्रश्न मुंबईत तेव्हा गंमतीचा नव्हता.

जर्मनांनी यावर हसू नये. इथेही पूर्वी बर्लिनची वेळ वेगळी, म्युनिकची वेगळी. गाड्यांनी सैन्य हलवताना याचा त्रास होतो, असं वयोवृद्ध सेनानी मोल्टके यांनी १८९१ मध्ये संसदेत सांगितलं आणि १ एप्रिल १८९३ पासून सगळ्या देशाला एक वेळ मिळाली. ती १५ अंश रेखांशाची, म्हणजे पोलंडच्या सीमेवरच्या ग्योर्लिट्झ गावाची. तिथून पश्चिम टोकापर्यंत सूर्याला जेमतेम ३७ मिनिटं लागतात. म्हणजे अख्खी जर्मनी मिर्झापूर ते मुंबई एवढ्यात बसते! आपल्याकडे अरुणाचल ते द्वारका जवळपास दोन तासांचा फरक, तरी घड्याळ एकच. आसामच्या चहामळ्यांनी त्यावर आपला उपाय काढला. त्यांचा 'बागान टाइम' प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असतो.

पण खरी पंचाईत अर्ध्या तासाची नाहीच. अर्धा तास निदान जागचा हलत नाही. हलतं ते इथलं घड्याळ. उन्हाळी वेळ देशभर पहिल्यांदा लागू केली ती जर्मनीनेच, १९१६ मध्ये, युद्धात कोळसा वाचवायला. कोळशाचं ते कारण गेलं, तरी घड्याळ अजून वर्षातून दोनदा फिरवलं जातं. २०१९ मध्ये युरोपीय संसदेने हे बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, पण सदस्य देशांचं एकमत होईना आणि घोडं तिथेच अडलं.

त्यामुळे भारत आमच्यापुढे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. पुण्याची टीम एक तास उशिरापर्यंत थांबते, कुरकुरते, मार्चपर्यंत सवय करून घेते. घरचं इतकं सोपं नाही. लेकीला मी पाळणाघरातून साडेचारला आणते. उन्हाळ्यात तेव्हा साताऱ्यात आठ वाजलेले असतात, आजोबांची गोष्ट निवांत होते. हिवाळ्यात नऊ वाजतात, आणि बाबा नऊला आडवे होतात म्हणजे होतातच. तीन वर्षांच्या मुलीला काय सांगणार? पहिल्या हिवाळ्यात ती रोज फोनपाशी बसून राहायची आणि तिकडे बाबा झोप आवरत, जांभया देत राजाला जंगलात नेऊन सोडायचे. परत आणायचे राहून जायचे.

आता ऑक्टोबरचा शेवटचा रविवार बाबा स्वतःच कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवतात. त्या दिवसापासून गोष्ट सकाळी. इथे साडेसात, तिथे बारा. लेक दूध-पोळी खाते, तिकडे आई पानं वाढायला घेते, आणि राजा जेवणाआधी घरी पोचतो.