शरणपूर ते मोंबासा : नाशिकच्या चर्चविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

सायखेड्याहून चांदोरीचा पूल ओलांडून आपण नाशिकला जातो ते दवाखाना, कॉलेज, बँक, खरेदी अशा कामांसाठी. त्यातली कितीतरी कामं शरणपूर रोडवर होतात. पण ज्या शरणपूरवरून या रस्त्याला नाव पडलं, त्याविषयी बोलणं निघालं की ऐकीव गोष्टीच जास्त कानावर येतात. आजच्या केनियात जे अँग्लिकन चर्च उभं आहे, त्याच्या पायाभरणीत याच शरणपूरच्या शाळेत शिकलेली माणसं होती. गोदाकाठच्या माणसाला हे ठाऊक असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून नेहमी ऐकू येणारे काही गैरसमज इथे एकेक करून तपासू.

गैरसमज : शरणपूर ही साहेबलोकांसाठी वसवलेली वस्ती होती.

वस्तुस्थिती : चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकमध्ये १८३२ साली काम सुरू केलं. रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी १८५४ मध्ये शहराबाहेर शरणपूर वसवलं ते एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबांसाठी. धर्म बदलला की भाऊबंद घराबाहेर काढत, गाव वाळीत टाकी, पिढीजात धंदाही सुटे. अशा माणसांना निवारा हवा होता आणि पोटापाण्याचं साधनही. त्यामुळे शरणपुरात शाळेच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकवले जात.

याच काळात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबतं पकडत असे. त्यांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात. आईबाप दुरावलेल्या या मुलांपैकी अनेकांना १८६० नंतर शरणपूरला आणलं गेलं.

गैरसमज : आफ्रिकेत चर्च वाढवलं ते एकट्या गोऱ्या मिशनऱ्यांनी.

वस्तुस्थिती : मोंबासाजवळच्या राबई गावात योहान रेबमान हा जर्मन मिशनरी १८४६ पासून राहत होता. जवळपास दोन दशकं खपूनही त्याच्याभोवती मूठभरच माणसं जमली होती. १८६४ साली त्याच्या मदतीला नाशिकहून विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघं सपत्नीक गेले. पुढे नाशिकच्याच जॉर्ज डेव्हिड यांनीही राबईचा भार वाहिला. रेबमान १८७५ मध्ये मायदेशी परतले, तरी तिथलं काम थांबलं नाही.

त्याच सुमारास प्राइस स्वतः आफ्रिकेत गेले आणि मोंबासासमोरच्या किनाऱ्यावर सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन ही वस्ती उभी राहिली. तिला नाव मिळालं ते मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचं. शरणपूरचा अनुभव तिथे कामी आला आणि शरणपूरची अनेक माणसंही तिकडे गेली. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी प्रवासात असताना बिशपांची आजच्या युगांडातल्या बुसोगात हत्या झाली, तेव्हा त्यांचा मागे उरलेला काफिला राबईपर्यंत परत आणला तो जोन्स यांनी.

गोऱ्यांखेरीज इतरांनी चर्च वाढवल्याचं पॅसिफिक बेटांवरही दिसतं. रारोटोंगा बेटावर १८२३ मध्ये सुवार्ता नेणारा पापेइहा हा ताहितीकडच्या बेटांवरचा होता, तर फिजीत आयुष्य वेचणारा जोएली बुलू टोंगाचा. परदेशी मिशनरी लिहीत राहिले, म्हणून त्यांची नावं राहिली. वस्तीत राहून लोकांच्या बोलीत बोलणाऱ्यांची नावं मागे पडली.

गैरसमज : लिव्हिंग्स्टनबरोबरचे नाशिकचे तरुण म्हणजे निव्वळ ओझी वाहणारे हमाल.

वस्तुस्थिती : शोधप्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८६६ च्या आफ्रिकेतल्या मोहिमेत नाशिकच्या शाळेतले नऊ जण सोबत घेतले होते. पुढे १८७२ मध्ये त्यांना जी कुमक मिळाली, तिच्यात जेकब वेनराइट हा नाशिकलाच शिकलेला तरुण होता. मे १८७३ च्या सुरुवातीला आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारले. चुमा, सुसी आणि इतर सोबत्यांनी त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं, देहाला मीठ लावून तो सुमारे दोन आठवडे उन्हात वाळवला आणि कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला. दफनाची प्रार्थना वाचली जेकबने, झाडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. मग कित्येक महिने चालत हा देह त्यांनी किनाऱ्यावर पोहोचवला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांचा दफनविधी झाला, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. हमालाच्या अंगावर कुणी एवढी जबाबदारी टाकत नाही.

गैरसमज : ख्रिस्ती झालं की मराठीपण सुटतं.

वस्तुस्थिती : नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक घ्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो पुढे काही वर्षांनी, पुष्कळ झगडून, स्वतःच्या विचाराने. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांत अग्रभागी आहेत आणि त्यांतली भाषा या मातीतल्या घरातलीच आहे. अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ हेही मिशनचंच मराठी नियतकालिक.

गैरसमज : सगळे ख्रिस्ती एकाच चर्चचे, आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढते आहे.

वस्तुस्थिती : १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत वेगळा असून तो १९८७ चा आहे. नाशिकरोडला फेब्रुवारीत भरणारी बाळ येशूची यात्रा कॅथलिक परंपरेतली. राहिला प्रश्न संख्येचा. महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ख्रिस्ती १०,५८,३१३ होते, २०११ मध्ये १०,८०,०७३. दहा वर्षांत वाढ झाली ती बावीस हजारांच्या आत. लोकसंख्येतला त्यांचा वाटा मात्र १.०९ टक्क्यांवरून ०.९६ टक्क्यांवर आला. ज्याला वाद घालायचा आहे त्याने आधी हे आकडे बघावेत.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात रामकुंड, काळाराम, पांडवलेणी आणि अनंत कान्हेरे यांना मानाची जागा आहे. जेकब वेनराइट आणि विल्यम जोन्स यांनाही त्या पानांवर हक्काची जागा हवी. दोघंही गुलामगिरीतून सुटून नाशिकला आले, इथे शिकले आणि जे शिकले ते आफ्रिकेतल्या आपल्या माणसांच्या कामी लावलं. जिल्ह्यातल्या शाळांनी स्थानिक इतिहास शिकवताना एक तास या दोघांसाठी राखून ठेवावा.