मासा चालतो, वरचा रवा चालत नाही

गव्हाचा विषय निघाला की आपल्याकडे एकच उत्तर, "आम्ही कुठे गहू खातो? आमचं पोट भातावर!" आम्हीही तेच म्हणत होतो. मग आपल्याच एका सभासदाच्या मुलीचं कळलं. आठवीतली पोर. रक्त कमी म्हणून दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन वर येईना. उंची थांबलेली, पोट सारखं फुगलेलं. शेवटी तपासणीत सिलिॲक निघाला. घरच्यांनी मोजायला घेतलं तर काय, सकाळी पोदेराचा पाव, डब्यात चपाती, चहासोबत बिस्किट आणि रात्री रव्यात घोळवून तळलेला बांगडा. भात होताच, पण गहू दिवसातून चारदा पोटात जात होता.

ही ॲलर्जी नव्हे, साधं अपचनही नव्हे. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की सिलिॲक असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्न शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग कितीही चांगली मासळी खाऊ घाला, अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाला नुसता थकवा, म्हणून रोग लवकर ध्यानात येत नाही. हॉलंडच्या विलेम डिके या डॉक्टरांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या युद्धातल्या उपासमारीत पाव मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली.

यावर औषधाची गोळी नाही. ग्लूटेन जन्मभर बंद, चिमूटभरसुद्धा नको. मासे, उकडा भात, पेज, नाचणीचं आंबिल, नारळ, कोकम, डाळी सगळं चालतं. म्हणजे आपलं जुनं जेवणच! मासा तळायचा तर तांदळाच्या पिठात घोळवा, कुरकुरीतही जास्त होतो. पण तेल आणि तवा वेगळा हवा. रव्याचे मासे तळलेल्या तेलात तिचा मासा टाकला तर सगळी मेहनत पाण्यात. गिरणीत गव्हामागोमाग तांदूळ दळला तरी तेच, म्हणून धुऊन वाळवलेला तांदूळ घरच्या मिक्सरवर काढा. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, सोया सॉसमध्येही गहू असतो. पाकीट वाचायची सवय लावा. आपल्या कायद्याप्रमाणे 'ग्लूटेन फ्री' लिहिलेल्या मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

बोटीवर खरी पंचाईत होते. शिधा म्हटला की पाव, बिस्किटं, नूडल्स. असा खलाशी तुमच्याकडे असेल तर त्याच्यासाठी पोहे, कुरमुरे, शेंगदाणे, गूळ वेगळ्या झाकणाच्या डब्यात भरा आणि तांडेलाला सांगून ठेवा. "नखरे करतो" असं कुणी म्हणू नये.

संशय असेल तर आधीच गहू सोडू नका, नाहीतर तपासणीत काही दिसणार नाही. पहिल्यांदा टीटीजी नावाची रक्ततपासणी, मग गरज वाटली तर डॉक्टर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून बघतात. घरात एकाला निघाला तर आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करून घ्या. त्या मुलीच्या धाकट्या भावाची राहिली आहे. १ जूनला बंदी लागली, बोट किनाऱ्याला आली की वडील त्याला नेणार आहेत.