अटक झाली, सुटकाही झाली, नोंदीचे काय?

सुलतानपूर (जि. बुलडाणा), प्रतिनिधी

पोलिस भरती, सैन्यदल, शिक्षकाची नोकरी किंवा पासपोर्ट यांपैकी कशासाठीही अर्ज केला की चारित्र्य पडताळणीचा टप्पा येतोच. समजा, मेहकर-लोणार मार्गावरील सुलतानपूरसारख्या गावात बाजाराच्या दिवशी हाणामारी झाली. दहा-बारा जणांवर गुन्हा दाखल झाला आणि त्यात एका विद्यार्थ्याचेही नाव आले. त्याला अटक झाली, जामीन मिळाला आणि चार वर्षांनी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. एवढे होऊनही त्याच्या अर्जाच्या वेळी पोलिसांच्या संगणकावर जुनी नोंद दिसतेच. ही नोंद कोठे कोठे राहते, ती कोणाला पाहता येते आणि ती पुसता येते का, हे प्रश्न हजारो कुटुंबांना पडतात. त्यांची उत्तरे मात्र एका जागी सापडत नाहीत.

अमेरिकेतील अनेक राज्यांत अशी नोंद न्यायालयाकडून 'सीलबंद' करून घेता येते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने, अटक होऊनही दोषसिद्धी न झालेल्या व्यक्तीला तसा अर्ज करण्याचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये शिक्षा भोगून ठराविक काळ लोटल्यावर जुना गुन्हा विसरला जावा, यासाठी १९७४ पासून कायदा आहे. भारतात प्रौढ व्यक्तीची अटकेची नोंद सरसकट सीलबंद करणारा एकही कायदा नाही. तरीही काही वाटा उपलब्ध आहेत आणि त्या वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत.

नोंद कोठे होते?

अटक होताच किमान चार ठिकाणी तिची नोंद होते. पहिली पोलिस ठाण्यात: अटकेचा मेमो, स्टेशन डायरी आणि गुन्हा रजिस्टर. दुसरी 'सीसीटीएनएस' या संगणकीय जाळ्यात. महाराष्ट्रातील ठाणी या जाळ्याने २०१५ मध्ये जोडली गेली. तिसरी न्यायालयाच्या दप्तरात आणि चौथी बोटांचे ठसे, छायाचित्रे यांच्या संग्रहात. वृत्तपत्रे आणि इंटरनेट हे पाचवे ठिकाण म्हणावे लागेल. त्यावर तर कोणत्याच ठाणेदाराचे नियंत्रण नसते.

अटकेची माहिती जाहीर करण्यामागचा मूळ हेतू मात्र बदनामीचा नव्हता. कोठडीतील मारहाण आणि मृत्यूंच्या तक्रारींवरून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात निकाल दिला. अटकेचा मेमो साक्षीदाराच्या सहीने तयार करावा, अटकेची माहिती १२ तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवावी आणि ती तेथील फलकावर लावावी, असे त्यात बजावले. माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना 'नाहीसा' होऊ नये, हा त्यामागचा विचार होता. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-क घालून या फलकाला कायद्याचा आधार देण्यात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार अटक केलेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलिस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे दाखवावे लागते. त्यात डिजिटल माध्यमाचाही समावेश आहे. पूर्वी फलकावरचा कागद काही दिवसांनी निघून जात असे. संगणकावरील माहितीचे तसे होत नाही.

शोध कसा घ्यावा?

पहिली पायरी प्रथम खबरी अहवालाची. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश देऊन, असा अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक केले. दुर्गम भागासाठी ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलिस ठाणे आणि दिनांक निवडून हे अहवाल पाहता येतात. संकेतस्थळावर अहवाल सापडला नाही, तर आरोपी स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती ठाण्यात अर्ज करून त्याची प्रत मागू शकते.

दुसरी पायरी न्यायालयाची. 'ई-कोर्ट्स' सेवेवर पक्षकाराचे नाव, प्रकरण क्रमांक किंवा गुन्हा क्रमांक टाकून खटल्याची स्थिती कळते. मात्र नावातील एका अक्षराच्या फरकाने शोध फसतो. त्यामुळे ठाण्याचे नाव आणि गुन्हा क्रमांक हाताशी असणे केव्हाही चांगले. अंतिम निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयाच्या नक्कल विभागातून घ्यावी. पुढील प्रत्येक अर्जाला हीच प्रत लागते.

तिसरा मार्ग माहिती अधिकाराचा. दहा रुपयांच्या शुल्कासह जिल्हा पोलिस अधीक्षक कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून, आपल्या नावावर कोणत्या नोंदी आहेत हे विचारता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. तपास संपलेल्या प्रकरणात हे कारण सहसा टिकू नये.

कोणती नोंद, कोणता अर्थ?

गुन्हा दाखल होणे, अटक होणे आणि दोषी ठरणे या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. बोलण्यात मात्र तिन्ही एक होतात. सण किंवा निवडणुकीच्या तोंडावर होणारी प्रतिबंधक कारवाई, म्हणजे लोकांच्या बोलीतील 'चॅप्टर केस', हा गुन्ह्याचा ठपका नसतो. शांतता राखण्यासाठी घेतलेली ती हमी असते. अदखलपात्र तक्रारीचेही तसेच. केवळ तिच्या आधारे वॉरंटविना अटक होत नाही.

तपासानंतर दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर पोलिस न्यायालयात 'समरी' अहवाल देतात. गुन्हा खरा पण आरोपीचा शोध नाही, तर 'अ' समरी. तक्रार खोडसाळपणे खोटी असेल, तर 'ब'. गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून गुन्हा दाखल झाला असेल, तर 'क'. 'ब' किंवा 'क' समरी न्यायालयाने मंजूर केल्याचा आदेश हा संबंधित व्यक्तीसाठी मोलाचा पुरावा असतो. अनेकांना आपल्या प्रकरणात असा आदेश झाल्याचे ठाऊकही नसते.

पुसण्याच्या वाटा

सर्वांत स्पष्ट संरक्षण बालकांना आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार १८ वर्षांखालील बालकाला त्याच्या हातून घडलेल्या कृत्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि ठराविक काळाने दोषसिद्धीची नोंद नष्ट करायची असते. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांत त्यासाठी सात वर्षांची मर्यादा आहे. सोळा वर्षांवरील ज्या बालकावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला, तो याला अपवाद. कलम ७४ आणखी पुढे जाते. बालकाचे प्रकरण निकाली निघाले असेल, तर पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही ती नोंद उघड करू नये, असे ते सांगते. म्हणजे सतराव्या वर्षीच्या भांडणाचा उल्लेख तेविसाव्या वर्षीच्या पडताळणी अहवालात आला, तर त्यावर लेखी हरकत घेता येते.

दुसरी वाट ठसे आणि छायाचित्रांची. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ नुसार ही 'मापे' राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे ७५ वर्षे ठेवली जातात. मात्र पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटली, दोषमुक्त झाली किंवा निर्दोष ठरली आणि अपिलाचे मार्ग संपले, तर ही मापे नष्ट करावीत, असे कलम ४ सांगते. न्यायालय लेखी कारणे देऊन वेगळा आदेश करू शकते. त्याच वर्षीच्या नियमांनुसार मापे नष्ट करण्याची विनंती राज्य सरकारने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची असते. निकालाची प्रमाणित प्रत येथे उपयोगी पडते.

तिसरी वाट उच्च न्यायालयाची. तक्रार मुळातच निराधार असेल किंवा खासगी वाद मिटला असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली (पूर्वीचे कलम ४८२) गुन्हा रद्द करण्याची मागणी करता येते. बुलडाणा जिल्ह्यासाठी ती नागपूर खंडपीठात करावी लागते. गुन्हा रद्द झाला म्हणून संगणकातील नोंद आपोआप जात नाही. त्यामुळे पोलिसांच्या नोंदीत तसा बदल करण्याचा स्पष्ट आदेश याचिकेतच मागणे शहाणपणाचे ठरते.

दोषी ठरलेल्यांसाठीही एक छोटी खिडकी आहे. परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटलेल्या व्यक्तीला, कलम १२ नुसार, दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागू होत नाही. मात्र नोंद राहतेच.

इंटरनेटवरील निकालांचा प्रश्न अधिक अवघड आहे. २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. त्याचा आधार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये, निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीचा निकाल गुगलच्या शोधात दिसू नये, असा अंतरिम आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये असाच एक निकाल संकेतस्थळावरून काढण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली. न्यायालयाचे निकाल ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा यातला दुसरा आणि तितकाच वजनदार युक्तिवाद. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. परंतु गुन्ह्यांचा तपास, प्रतिबंध आणि न्यायालयीन कामकाज यांना त्यातून सूट आहे.

शिक्क्याचा जुना इतिहास

पोलिस दप्तरातील नोंद पिढ्यान्‌पिढ्या कशी छळते, हे महाराष्ट्रातील पारधी आणि अन्य विमुक्त जमातींना वेगळे सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशयाची सवय गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ रोजी दिल्लीतील एका प्रकरणात स्पष्ट केले, की पोलिसांचे 'हिस्ट्रीशीट' हा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो जाहीर करण्यासाठी नाही. मागास आणि वंचित समाजातील निरपराध व्यक्तींची नावे त्यात यांत्रिकपणे घालू नयेत, असेही न्यायालयाने म्हटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातील जातिभेदासंबंधीच्या निकालात कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना वगळण्याचा आदेश झाला.

अर्ज भरताना

नोंद पुसली जात नसेल, तर ती लपवावी का? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात याचे उत्तर दिले आहे. पडताळणी अर्जात विचारलेली माहिती खरी द्यावी. लपवाछपवी हेच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते. मात्र तरुण वयातील किरकोळ प्रकरण असेल, तर नियोक्त्याला ते विवेकाने दुर्लक्षित करता येते. उलट खरी माहिती दिली म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे, असाही हक्क नाही. प्रश्न नीट वाचावा. 'शिक्षा झाली आहे का?' आणि 'कधी अटक झाली आहे का?' यांची उत्तरे वेगळी असू शकतात. पासपोर्टच्या बाबतीत १९६७ च्या कायद्यातील अडसर न्यायालयात प्रलंबित फौजदारी कार्यवाहीचा आहे. खटला संपला असेल, तर निकालाची प्रत जोडावी. तो चालू असेल, तर संबंधित न्यायालयाची परवानगी घ्यावी.

पोलिसांच्या नोंदीत 'अटक' लगेच चढते, तर 'निर्दोष' हा शेरा चढायला विलंब होतो. कधी तो चढतही नाही. म्हणून निकाल लागताच प्रमाणित प्रत घ्यावी, ती अर्जासह पोलिस ठाण्यात आणि अधीक्षक कार्यालयात द्यावी व पोच घेऊन जपून ठेवावी. नोंद सीलबंद करणारा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर अर्धवट नोंद पूर्ण करून घेणे एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.