जुनी व नवी लोकप्रिय गीते : अभिरुचीभेदाचा विचार

पूर्वीची गाणी अर्थपूर्ण होती, आताची केवळ गोंगाट आहेत, अशी तक्रार प्रत्येक पिढी करीत असते. तिची तपासणी इतिहासाच्या आधारे करणे उद्बोधक ठरते.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीते उथळ व पाश्चात्त्य अनुकरणाने दूषित आहेत, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे आकाशवाणीवरून ही गीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते मात्र रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. याच काळात, १९५५ मध्ये, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. त्याचे संगीतकार सुधीर फडके हे चित्रपटसंगीतकारही होते, ही बाब लक्षणीय होय.

तेव्हा उथळ ठरलेली गीते आज ‘सुवर्णकाळा’ची मानली जातात. याची दोन कारणे संभवतात. एक, तारुण्यात ऐकलेल्या गीतांशी मनाचा भावबंध जडतो. दुसरे, त्या काळातील सुमार गीते विस्मृतीत गेली असून निवडक तेवढीच उरली आहेत. आजची गीते मात्र सरसकट कानी पडतात. म्हणून ही तुलनाच विषम ठरते.

अजय-अतुल यांनी ‘सैराट’ (२०१६) मध्ये ग्रामीण बोलीला पाश्चात्त्य वाद्यवृंदाची जोड दिली. अशा गीतांचे मूल्यमापन शब्द, चाल व गायन या निकषांवर व्हावे. रचनेच्या वर्षावर नव्हे. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनासाठी गीते निवडतानाही हाच विवेक आवश्यक आहे. केवळ बंदीने अभिरुची घडत नाही, हे १९५२ नंतरच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.