बातमीचे गद्य

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आपल्याकडे प्रायः संपादकांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला. आणि त्यामुळे ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढून इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापण्यास आरंभ केला तेव्हापासूनचा आढावा घेणाऱ्या होतकरू पत्रकारापुढे आदर्श उभा राहतो तो अग्रलेखाचा, बातमीचा नव्हे.

ते आदर्श थोर आहेत, हे निर्विवाद. ‘प्रभाकरा’तून १८४८ पासून आलेली लोकहितवादींची शतपत्रे, १८७४ पासून मराठी वाक्याला डौल आणि धार देणारी चिपळूणकरांची ‘निबंधमाला’, १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’तील आगरकरांचा तर्क आणि टिळकांचा थेट घणाघात, हे सारे अभ्यासावेच. १८९८ मध्ये शिवराम महादेव परांजपे यांनी ‘काळ’ सुरू केला, तेव्हा राजद्रोहाच्या कलमाचे सावट असल्यामुळे त्यांची वक्रोक्ती ही हौस नसून निकड होती. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी मात्र उपरोध तेवढा उचलला, जोखीम उचलली नाही. माझ्या मते आजच्या विद्यार्थ्याने सर्वाधिक वेळ द्यावा तो १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’तील आंबेडकरांच्या लेखनाला, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडून मगच कायद्याच्या आणि धर्मग्रंथांच्या आधाराने त्याचे खंडन करण्याची जी शिस्त तेथे दिसते, ती बातमीदारालाही तितकीच आवश्यक आहे.

बातमीला मात्र असे गुरू लाभले नाहीत. तिची भाषा घडली ती पोलीस ठाण्याच्या दफ्तरात, सरकारी पत्रकात आणि वृत्तसंस्थेच्या तारेवर. फिर्याद आणि पंचनामा यांतून ‘सदर इसम’ आणि ‘मयत’ जसेच्या तसे छापखान्यात आले, आणि पत्रकातून आली ती कर्त्याला पडद्याआड ठेवणारी क्रियापदे. ‘जमावावर लाठीमार करण्यात आला’ या वाक्यात लाठी आहे, जमाव आहे. परंतु हुकूम कोणी दिला हे विचारण्याची जबाबदारी वाक्यरचनेनेच परस्पर माफ केली आहे. तारेचे दुखणे निराळे. इंग्रजी वाक्यात मुख्य क्रियापद आरंभीच येते आणि तपशील मागून येत राहतो; मराठीत क्रियापद बहुधा शेवटी असल्याने घाईने तर्जुमा करणारा उपसंपादक स्थळ, काळ, पदनामे आणि कारणे कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये कोंबतो, आणि काय घडले हे कळेपर्यंत वाचकाची दमछाक होते. अशा वाक्याची तीन वाक्ये करावीत, इतकाच त्यावर उपाय; तो सोपा असूनही क्वचितच योजला जातो.

अभ्यासाला आरंभ करावा तो नगरपालिकेच्या एखाद्या सभेपासून. अंदाजपत्रकातील तरतूद, मागील वर्षी झालेला प्रत्यक्ष खर्च, ठरावाच्या बाजूने आणि विरुद्ध बोललेल्यांची नावे मूळ कागदावरून उतरवून दीडशे शब्दांत वृत्तांत लिहावा आणि तो मोठ्याने वाचून पाहावा. पारावर एकाने वर्तमानपत्र वाचावे आणि दहांनी ऐकावे अशी चाल गावोगाव होती. ऐकताना जे वाक्य अडखळते ते डोळ्यांनाही खुपतेच. विशेषणे खोडावीत, आकडे ठेवावेत, आणि ‘समजते’ असे लिहिण्यापूर्वी कोणाकडून समजले हे निदान स्वतःपुरते नमूद करावे.

मर्म कोठे ठेवावे, याविषयी निबंधाची शाळा आणि बातमीची शाळा यांचे कधीच जमत नाही. निबंधकार ते अखेरीसाठी राखून ठेवतो. परंतु रात्री उशिरा एखादी जाहिरात आली आणि जागा अपुरी पडली, की पान लावणारा उपसंपादक मजकूर तळापासून कापू लागतो, आणि सभेत ठराव फेटाळला गेला हे ज्या परिच्छेदात लिहिलेले असते, तो सकाळच्या अंकात नसतोच.